पूर्ण जबड्याचे इम्प्लांट आणि स्कॅनरचं माप: भरवसा कुठवर ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंच्या खालच्या जबड्यात सहा इम्प्लांट (दाताच्या मुळाऐवजी हाडात बसणारे टायटॅनियमचे स्क्रू) बसवून झालेत, हाडात ते घट्ट धरलेत, आता त्यांवर स्क्रूने पक्के बसणारे दात बनवायचेत. एक डॉक्टर म्हणतात, तोंडात स्कॅनर फिरवू, मसाल्याच्या (ठसा घ्यायला वापरतात त्या घट्ट होणाऱ्या लगद्याच्या) मापाची गरज नाही. दुसरे म्हणतात, अख्ख्या जबड्याला स्कॅनचा भरवसा नाही, ट्रेमध्ये मसाला भरूनच माप घ्यायला हवं. आणि तुमची स्वतःची एका दाढेच्या इम्प्लांटवरची कॅप स्कॅनवरूनच बनली होती, ती पहिल्याच खेपेला चपखल बसली. मग आईंच्याच वेळी हा वाद का, असं तुम्ही विचारलंय.

इम्प्लांटवरचे दात बसवणं हे माझं रोजचं काम आहे आणि मी दोन्ही पद्धतींनी माप घेते. तुमचा अनुभव खरा आहे, पण तो आईंच्या जबड्याला लागू होत नाही. एका इम्प्लांटचं माप आणि सहा इम्प्लांटचं माप ही दोन वेगळी कामं आहेत. ‘स्कॅनर अचूक आहे का?’ या प्रश्नाला म्हणूनच सरसकट उत्तर नाही. किती लांबीवर अचूक, आणि चूक झालीच तर ती दात पक्के करण्याआधी पकडणार कशी, हे दोन प्रश्न विचारले की दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं नीट जागेवर बसतं.

आधी ‘अचूक’ या शब्दाबद्दल. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एखादा तराजू दर वेळी तेच वजन दाखवतो, पण नेमाने दोनशे ग्रॅम जास्त. त्याच्यात सातत्य आहे, खरेपणा नाही. दुसरा तराजू सरासरीने बरोबर, पण दर वेळी काटा वेगळीकडे. मापात आपल्याला दोन्ही हवं असतं: खऱ्या जागेच्या जवळ, आणि दर वेळी तितकंच जवळ. पडद्यावर दिसणारं रंगीत, गुळगुळीत चित्र यातलं काहीच सांगत नाही. स्कॅनरचं सॉफ्टवेअर लहानसहान भोकं स्वतः बुजवतं, खडबडीत भाग घासूनपुसून दाखवतं. चित्र सुंदर आहे म्हणून माप बरोबर आहे, असं मी कधीच धरत नाही.

आता, इतक्या बारीक मापाचा आग्रह का, ते सांगते. नैसर्गिक दात हाडात थेट चिकटलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंची पातळ गादी असते, त्यामुळे तो दाबाखाली साधारण २५ ते १०० मायक्रॉन हलतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. नैसर्गिक दातावरची कॅप किंवा ब्रिज किंचित ताणून बसला तर दात थोडे सरकून जुळवून घेतात. इम्प्लांटला ती गादी नाही. टायटॅनियमला हाड थेट धरतं, म्हणून तर तो टिकतो. स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले, ते याच गुणावर. पण त्यामुळेच इम्प्लांट फार तर चार-पाच मायक्रॉन हलतो. म्हणजे सहा इम्प्लांटवर एकच सलग फ्रेमवर्क (सगळे दात धरणारा सांगाडा) बसवायचं आणि त्यातलं एक भोक थोडं बाजूला असेल, तर कुणीच माघार घेत नाही. स्क्रू आवळला की तो ताण तिथेच साठून राहतो. पुढे स्क्रू सैल होणं, तुटणं, वरचं पोर्सेलिन उडणं, अशा तक्रारी सुरू होतात. अशा ताणामुळे हाड झिजतं का, याचे पुरावे तितके पक्के नाहीत. यांत्रिक त्रास मात्र मी डोळ्यांनी पाहिलाय.

ब्रोनेमार्क यांनी फ्रेमवर्क आणि इम्प्लांटमधल्या फटीची मर्यादा १० मायक्रॉन सुचवली होती. प्रत्यक्षात ती गाठणं जवळपास अशक्य. स्वीडनचेच टॉर्स्टन येम्ट यांनी १९९१ साली १५० मायक्रॉनची व्यवहार्य मर्यादा मांडली, आणि त्यामागचा विचार मला फार आवडतो. स्क्रूच्या एका पूर्ण फेऱ्यात तो सुमारे ३०० मायक्रॉन खाली जातो. तेव्हा स्क्रू टेकल्यावर अर्ध्या फेऱ्यात आवळला गेला तर फट १५० च्या आत आहे. त्याहून जास्त फिरवावा लागला तर फ्रेमवर्क ओढून बसवलं जातंय. हातातल्या स्क्रूड्रायव्हरनेच मोजता येईल अशी ही कसोटी आहे. तिच्याकडे मी पुढे परत येते.

आता स्कॅनरकडे. तोंडात फिरतो तो स्कॅनर एका वेळी जेमतेम दीड-दोन दातांएवढा भाग पाहतो. एका मागून एक असे असंख्य तुकडे टिपतो आणि प्रत्येक तुकडा मागच्याशी ओळखीच्या खुणांवरून जोडत जातो. पंधरा सेंटिमीटरच्या पट्टीने खोलीची लांबी मोजून पाहा. पट्टी उत्तम आहे, पण दर वेळी उचलून पुढे ठेवताना केसभर फरक पडतो आणि भिंतीपर्यंत पोचेतो ते सगळे फरक साठतात. एका दाढेला पट्टी एकदा-दोनदाच ठेवावी लागते. म्हणून तुमची कॅप चपखल बसली. एकट्या इम्प्लांटला किंवा शेजारच्या दोन-तीन इम्प्लांटना आजच्या चांगल्या स्कॅनरची चूक शंभर मायक्रॉनांच्या बरीच आत राहते आणि ती पुरेशी आहे. अशा कामासाठी मी मसाला वापरणं जवळपास सोडलंय. इम्प्लांट एकमेकांशी तिरके असतील तर स्कॅन उलट सरस ठरतो. मसाला घट्ट झाल्यावर ट्रे ओढून काढताना मापासाठी इम्प्लांटवर बसवलेल्या तिरक्या खांबांवरून तो ताणला जातो. प्रकाशाला काही ओढून काढावं लागत नाही.

अख्ख्या जबड्यात एका टोकाच्या दाढेपासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना मात्र ही चूक १०० मायक्रॉन किंवा त्याच्या वर जाऊ शकते. जाईलच असं नाही. स्कॅनर कोणता, हात कुणाचा, इम्प्लांटमधलं अंतर किती, यावर आकडा खूप बदलतो. त्यात खालचा बिनदाती जबडा हा सगळ्यांत अवघड प्रांत. वरच्या जबड्यात निदान टाळू असते, तिच्यावरच्या वळ्या स्कॅनरला खुणा म्हणून उपयोगी पडतात. खाली दोन इम्प्लांटच्या मधे फक्त ओली, गुळगुळीत, सारखी दिसणारी हिरडी. ती गालाच्या ओढीने हलते, जीभ मधे येते, लाळ साचते. आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही: तोंड मोठं उघडलं की खालचा जबडा स्वतःच किंचित आत वाकतो, मागच्या दोन बाजू एकमेकींच्या जवळ येतात. म्हणून खालचं माप, स्कॅन असो वा मसाला, मी रुग्णाला तोंड जेमतेम पुरेल इतकंच उघडायला सांगून घेते.

दुसऱ्या डॉक्टरांचा सावधपणा इथून आलाय आणि तो रास्त आहे. पण मसाल्याच्या मापाला देवत्व द्यायचंही कारण नाही. मसाला आकसतो. ट्रे नीट टेकलेला नसतो. मापात अडकलेल्या खांबाला लॅबमध्ये ॲनालॉग (इम्प्लांटची नक्कल) जोडताना तो कणभर फिरतो. मग प्लास्टर ओततात, ते घट्ट होताना फुगतं. प्रत्येक पायरीची आपापली चूक. फरक इतकाच, की या चुका पन्नास वर्षांच्या सवयीने आपल्याला माहीत आहेत आणि त्यांवरचे उपाय ठरलेले आहेत. त्यातला मोठा उपाय म्हणजे मापाआधी तोंडातच सगळे खांब कडक रेझिनने (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाने) एकमेकांना बांधणं, म्हणजे मसाल्यात ते सुटे हलू शकत नाहीत. नुसता ट्रे भरून, खांब न बांधता घेतलेलं पूर्ण जबड्याचं माप आणि चांगल्या हाताचा स्कॅन यांत मला निवड करायला लावली, तर मी स्कॅन निवडेन. तेव्हा दुसरे डॉक्टर ‘मसाला’ म्हणतात तेव्हा खांब बांधून घेणार आहेत का, हे विचारून घ्या.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यावर माझ्या मते सगळ्यात जास्त चुका होतात आणि जिचा स्कॅनरशी काही संबंध नाही. स्कॅनर इम्प्लांट पाहत नाही, तो हिरडीखाली असतो. इम्प्लांटमध्ये एक छोटा खांब स्क्रूने बसवतात, त्याला स्कॅन बॉडी म्हणतात. स्कॅनर त्याचा आकार टिपतो आणि सॉफ्टवेअर त्यावरून हिशेब करतं की खाली इम्प्लांट कुठे आणि कोणत्या कलाने आहे. खांब पूर्ण टेकला नसेल, तर पुढचा सगळा हिशेब बिनचूक होऊनही उत्तर चुकीचं येतं.

माझ्याकडची एक घटना सांगते. खालच्या दाढेची कॅप लॅबमधून आली, बसवली, आवळली. शेजारच्या दातांना टेकण्याच्या जागा ठीक वाटत होत्या. निळा कागद ठेवून चावायला सांगितलं तर कॅपवर ठसाच उमटला नाही. कागद दातांखालून अलगद सरकत बाहेर आला. कॅप बुटकी झाली होती. आधी लॅबवर संशय घेतला, पण मग तीच स्कॅन बॉडी पुन्हा बसवून एक्स-रे काढला, तेव्हा खांब आणि इम्प्लांटच्या मधे केसासारखी काळी रेघ दिसली. खांब काढून पाहिला, तर इम्प्लांटच्या कडेवर हिरडीची दोऱ्याएवढी चीर आत वळली होती. त्या दोऱ्याने खांब वर उचलून धरला होता. सॉफ्टवेअरने मग इम्प्लांट तेवढा वर आहे असं मानलं आणि कॅप तेवढी कमी उंचीची बनवली. हिरडी बाजूला करून पुन्हा स्कॅन केला, दुसरी कॅप बनवून घेतली, ती बरोबर बसली. तेव्हापासून हिरडीखाली खोल गेलेल्या प्रत्येक स्कॅन बॉडीचा मी आधी एक्स-रे काढते आणि मगच स्कॅनर हातात घेते. एक्स-रेही सरळ पडला पाहिजे. किरण तिरके गेले तर फट झाकली जाते आणि सगळं आलबेल दिसतं.

याच कुळातल्या दोन चुका. स्कॅन बॉडी एका बनावटीची आणि सॉफ्टवेअरमध्ये निवडलेली फाइल दुसऱ्या बनावटीची, असं झालं तर सगळे इम्प्लांट कागदावर सरकतात. आणि प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या स्कॅन बॉडी पुन्हा पुन्हा वापरून, निर्जंतुक करून झिजतात. जास्त जोर लावून आवळल्या तर दबतातही. मी त्या हातानेच, हलक्या जोराने आवळते आणि झिजलेल्या वाटल्या की टाकून देते.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: जवळजवळच्या इम्प्लांटना स्कॅन बिनधास्त, पूर्ण जबड्याला स्कॅनची चूक साठते, मसाल्याचीही चूक असते पण खांब बांधून ती आवरता येते, आणि स्कॅन बॉडी नीट बसलेली नसेल तर कोणतंही यंत्र वाचवू शकत नाही.

मग आईंसारख्या कामात मी काय करते? फोटोग्रामेट्रीचा कॅमेरा हाताशी असेल तर तो माझी पहिली पसंती. यात इम्प्लांटवर ठिपक्यांच्या खुणा असलेले खांब बसवतात आणि तोंडाबाहेरून कॅमेरा एकाच वेळी अनेक खांब पाहून त्यांची परस्पर जागा थेट मोजतो. पट्टी उचलून पुढे ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. हा कॅमेरा हिरडी मात्र पाहत नाही, म्हणून हिरडीसाठी तोंडातला स्कॅन घ्यावाच लागतो आणि मग दोन्ही फाइली जुळवाव्या लागतात. कॅमेरा नसेल तर तोंडातला स्कॅन घेते, दोन खांबांच्या मधे स्कॅनरला ओळखता येतील अशा खुणा देते, स्कॅनरचा मार्ग एकच ठेवते आणि मधेच थांबून मागे-पुढे करणं टाळते. पण त्या स्कॅनवरून थेट शेवटचं फ्रेमवर्क कधीच बनवायला देत नाही. आधी पडताळणीची जिग.

जिग म्हणजे सगळ्या इम्प्लांटवर बसणारे छोटे धातूचे खांब, रेझिनच्या पट्टीने एकमेकांना जोडलेले. रेझिन घट्ट होताना आकसतं, म्हणून ती पट्टी आधीच बनवून ठेवतात आणि दोन खांबांच्या मधे पातळ डिस्कने कापतात. तोंडात प्रत्येक तुकडा आपापल्या इम्प्लांटवर सुटा बसतो, कुणाचा कुणावर ताण नसतो. मग त्या कापांमध्ये ब्रशने रेझिनचा थेंबभर लेप देऊन तुकडे परत सांधते आणि पूर्ण कडक होईपर्यंत वाट पाहते. आकसायला आता तेवढा थेंबच उरलेला असतो. ही जोडलेली जिग स्क्रू काढून उचलली की सहा इम्प्लांटच्या खऱ्या जागा हातात आल्या. लॅबमध्ये स्कॅनवरून छापलेल्या मॉडेलवर ती ठेवून पाहतात. बसली तर स्कॅन खरा. नाही बसली तर जिग खरी, आणि मॉडेल जिगवरून नव्याने बनतं.

ही सवय मला एका चुकीनेच लागली. पूर्ण खालच्या जबड्याचं एक काम मी नुसत्या स्कॅनवर पुढे नेलं होतं. पडद्यावर सगळं देखणं होतं. टायटॅनियमचं फ्रेमवर्क आलं, मी डाव्या टोकाचा एकच स्क्रू आवळला आणि उजव्या टोकाकडे पाहिलं. तिथे फ्रेमवर्क इम्प्लांटवरून उचललं गेलं होतं. बोटाने दाबलं की खाली बसायचं, बोट काढलं की परत वर यायचं. सगळे सहा स्क्रू आवळले असते तर ते दिसायला बसलं असतं आणि रुग्णाला त्या दिवशी काही जाणवलंही नसतं. ताण मात्र रोज चावताना त्या स्क्रूंवर राहिला असता. मी ते परत पाठवलं, जिगने माप घेतलं, नवीन फ्रेमवर्क केलं. त्या आजींना आणखी तीन आठवडे तात्पुरत्या दातांवर काढावे लागले आणि ते मला मनापासून लागलं, कारण जिगचा एक तास मी वाचवला नसता तर त्यांचे तीन आठवडे वाचले असते.

मी तेव्हा केली ती एका स्क्रूची चाचणी. एका टोकाचा स्क्रू आवळायचा आणि दुसऱ्या टोकाला फट पडते का पाहायचं. मग दुसऱ्या टोकाने तेच. हिरडीमुळे फट दिसत नसेल तर एक्स-रे. त्यानंतर एकेक स्क्रू टेकेपर्यंत आणून अर्ध्या फेऱ्याची कसोटी. हे सगळं पार पडल्यावरही मी आधी तात्पुरत्या साहित्याचे दात काही आठवडे वापरायला देते. त्यात चावणं, बोलणं, ओठांचा आधार हेही कळतं.

काही डॉक्टर वेगळा मार्ग घेतात, तोही चांगला आहे: फ्रेमवर्कमध्ये भोकं थोडी सैल ठेवतात आणि इम्प्लांटवर बसणाऱ्या धातूच्या बाह्या तोंडातच सिमेंटने चिकटवतात. थोडी चूक सिमेंटच्या थरात मुरते. तुमचे पहिले डॉक्टर असं काही करणार असतील तर त्यांचा स्कॅनवरचा विश्वास समजण्यासारखा आहे.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की ऑपरेशनच्या वेळी गाइड (ड्रिलची जागा आणि दिशा ठरवणारा साचा) वापरलं होतं, मग माप आधीच अचूक नाही का. गाइडची अचूकता वेगळ्या पट्टीची आहे. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) आणि तोंडातला स्कॅन जुळवून बनवलेल्या गाइडनेही इम्प्लांट ठरवल्या जागेपासून सरासरी मिलिमीटरभर सरकू शकतो आणि कलात काही अंशांचा फरक पडतो. शस्त्रक्रियेला ते चालतं, कारण नसेपासून २ मिलिमीटरचं अंतर राखूनच आखणी करतात. पण मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन. म्हणून आखणीच्या फाइलवरून शेवटचे दात बनवता येत नाहीत. इम्प्लांट प्रत्यक्ष जिथे बसलेत तिथलं माप नव्यानेच घ्यावं लागतं.

दोन्ही डॉक्टरांना तेच प्रश्न विचारा: पडताळणीची जिग करणार का, फ्रेमवर्क आधी नुसतं बसवून पाहणार का, एका स्क्रूची चाचणी आणि एक्स-रे तुम्हाला दाखवणार का, आणि बसलं नाही तर नवीन बनवण्याची जबाबदारी कुणाची. ज्यांची उत्तरं तयार असतील त्यांच्याकडे काम द्या, मग त्यांच्या हातात स्कॅनर असो की ट्रे. आणि आईंच्या इम्प्लांटची बनावट, मापं आणि ऑपरेशननंतरचे एक्स-रे असलेलं कार्ड मागून जपून ठेवा. योग्य स्कॅन बॉडी आणि योग्य फाइल निवडायला आता ते लागेल, आणि दहा वर्षांनी एखादा स्क्रू बदलायची वेळ आली तर तेव्हाही.